गेट डाऊन म्हणजे उतरा की वाका?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला मोठ्या शब्दांनी सहसा दगा दिलेला नाही. 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'ह्युमिलिएट' ही जड मंडळी त्याने स्पेलिंगसकट घोकून पचवलेली असतात. त्याला घाम फोडतात ते चिल्लेपिल्ले शब्द. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे बरोबर. तिन्ही पहिली-दुसरीतल्या पोराला येतात. हे तिघे एकत्र आले की अर्थ 'वर बरोबर ठेवणे' असा काहीतरी व्हायला हवा. होतो 'सहन करणे'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, आणि 'पुट डाऊन' म्हणजे खाली ठेवणे, चारचौघांत पाणउतारा करणे किंवा आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवणे. यातले नेमके काय चालले आहे ते समोरच्याचा चेहरा आणि कुत्र्याची तब्येत पाहून ठरवायचे.

इंग्रजी व्याकरणात या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. एक साधेसुधे क्रियापद घ्यायचे, त्याला अप, डाऊन, इन, आउट, ऑन, ऑफ यांपैकी एखादे शेपूट जोडायचे आणि शिकणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या गावात हा प्रकार पोहोचतो, तेव्हा तिथे भाषांची आधीच गर्दी असते. घरात कोंकणी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड. मराठी तर या भागात जुनीच, कारण 1862 पासून 1956 पर्यंत हा जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता. राज्य बदलले म्हणून माणसे तोंडातली भाषा काढून ठेवत नाहीत. अशा तीन भाषांतून ये-जा करणाऱ्या पोराच्या दप्तरात कर्नाटक सरकारने 2007 साली पहिलीपासूनच इंग्रजीही घातली. पोराची हरकत नसते. त्याला चौथी भाषा जड जात नाही. जड जाते ते त्या भाषेतले 'ऑफ'.

या 'ऑफ'चे उपद्व्याप पावसाळ्यात विशेष कळतात. जोयड्याच्या जंगलात आषाढ लागला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. वीज गेली, तर 'द लाइट्स वेंट ऑफ'. पहाटे पाचचा गजर वाजला, तर 'द अलार्म वेंट ऑफ'. म्हणजे दिवा 'ऑफ' गेला की बंद पडतो आणि घड्याळ 'ऑफ' गेले की बोंबलायला लागते. विजेअभावी दूध नासले, तर तेही 'वेंट ऑफ'. गजर वाजला, दिवे गेले आणि दूध नासले हे तिन्ही इंग्रज एकाच क्रियापदात उरकतो. वर कोणी वैतागून तडक निघून गेला, तर तोही 'वेंट ऑफ'च. मास्तरांनी फळ्यावर 'ऑफ म्हणजे बंद' असे लिहून ठेवले असेल, तर गजर झाल्यावर वर्ग झोपून राहील आणि त्याला दोष देता येणार नाही.

तालुक्यात या विषयाचे प्रात्यक्षिकही मिळते, आणि तेही भर पाण्यात.

काळी नदी याच तालुक्यात, दिग्गीजवळ उगम पावते. तिच्यावर सुपा धरण बांधले गेले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडी. वीजघरातून पाणी सुटले की तिथे रबरी तराफ्यांचा खेळ रंगतो, ज्याला आता सगळे 'राफ्टिंग'च म्हणतात. बेळगाव, हुबळी, गोवा, पुणे, बेंगळुरू इथून माणसे येतात, हेल्मेट आणि जाकीट चढवतात आणि काठावर उभी राहून गाइडचे हुकूम पाठ करतात. राफ्टिंगचे हुकूम जगभर साधारण सारखेच: 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप', 'होल्ड ऑन' आणि 'गेट डाऊन'.

घोळ या शेवटच्या हुकमात आहे. भारतीय माणसाने 'गेट डाऊन' आयुष्यभर बसमध्ये ऐकलेले असते. तिथे त्याचा अर्थ उतरा. 'नेक्स्ट स्टॉप गेट डाऊन' म्हटले की पिशवी उचलायची आणि दाराकडे सरकायचे. लंडनचा माणूस बसमधून 'गेट ऑफ' करतो. 'गेट डाऊन' हे उतरणे आपल्याकडचे. राफ्टमध्ये मात्र 'गेट डाऊन' म्हणजे काठावरून आत सरका, तळाशी बसा, दोरी पकडा, कारण पुढे खळाळ आहे. नेमक्या त्या क्षणी कोणी बसमधला अर्थ लावला, तर तो उतरणार कुठे? म्हणून गाइड काठावरच प्रत्येकाला एकदा खाली बसवून दाखवतो. व्याकरणाच्या पुस्तकात चार पानांत जमत नाही ते तिथे एका बैठकीत जमते. 'होल्ड ऑन'चेही तसेच. फोनवर 'होल्ड ऑन' म्हणजे थांबा, संगीत ऐका. राफ्टमध्ये 'होल्ड ऑन' म्हणजे जीव मुठीत आणि दोरी दुसऱ्या मुठीत.

नदीवरून परत आल्यावर मुक्काम होमस्टेत. जोयडा-गणेशगुडीच्या परिसरात होमस्टे पुष्कळ झाले आणि त्यांच्याबरोबर 'चेक इन' आणि 'चेक आउट' हे दोन शब्द स्वयंपाकघरापर्यंत शिरले. 'चेक इन' म्हणजे पाहुणा आला, तांदूळ टाका. 'चेक आउट' म्हणजे पाहुणा चालला, हिशेब करा. एवढ्यावर धंदा नीट चालतो. मग एखादा पाहुणा खूश होऊन मोबाइलवर रील टाकतो आणि खाली लिहितो, 'चेक आउट धिस होमस्टे'. त्याला म्हणायचे असते, 'ही जागा जरूर बघा.' वाचणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याला खोली सोडायला सांगितलेली दिसते.

तसे पाहिले तर ही क्रियापदे मराठीने कधीच घरात घेतली आहेत, फक्त मागच्या दाराने आणि नाम करून. 'गाडीला पिकअप नाही, वाटेत ब्रेकडाऊन झाला, दुसरी गाडी बॅकअपला ठेवली होती, तिने कटआउटला धडक दिली, ड्रायव्हरचे चेकअप करून प्रिंटआउट घेतली' हे वाक्य ऐकून कोणाही मराठी माणसाला आपण परभाषा ऐकली असे वाटत नाही. 2020 साली 'लॉकडाऊन' शिकायला तर कोणाला शिकवणीही लागली नाही. 'मेकअप' आणि 'ब्रेकअप' यांचा परस्परसंबंधही जगाला ठाऊक आहे. अडते ते यांना पुन्हा क्रियापद करून वाक्यात चालवायचे म्हटले की. 'मेकअप' कळतो, पण 'दे मेड अप' म्हणजे त्यांनी रंगरंगोटी केली, भांडण मिटवले की थाप मारली, हे विचारले की माणूस विषय बदलतो.

काही ठिकाणी आपण इंग्रजांना न विचारता कारभार केला आहे. नोकरीच्या अर्जात तरुण लिहितो की तो अमुक साली कॉलेजमधून 'पास्ड आउट' झाला. भारतात याचा अर्थ पदवी मिळाली. बाहेर याचा रोजच्या वापरातला अर्थ शुद्ध हरपली. त्यामुळे परदेशी कंपनीतल्या माणसाला प्रश्न पडतो की हा मुलगा कॉलेजात बेशुद्ध पडला ही बाब अभिमानाने का सांगतो आहे. यात आपली अगदीच चूक नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून छात्र बाहेर पडतात तेव्हा 'पासिंग आउट परेड'च होते आणि तिथे सगळे ताठ उभे असतात. लष्करातला हा वापर इंग्रजांचाच. आपण तो सगळ्या कॉलेजांना लावला, एवढेच. 'कोप विथ'मध्ये आपण पदरचा एक 'अप' घालून 'कोप अप विथ' केले. 'व्हेअर आर यू पुट अप?' असे विचारून आपण पाहुण्याचा मुक्काम विचारतो आणि तो आपल्याला कोणी कुठे टांगले काय, असे बघत राहतो.

एका ठिकाणी मात्र हसण्यावारी नेऊन चालत नाही. बँकांनी इतक्या कोटींची कर्जे 'राइट ऑफ' केली अशी बातमी येते आणि पारावर लगेच चर्चा होते, 'बड्यांचे माफ केले, आमचे का नाही?' माफी म्हणजे 'वेव्हर'. 'राइट ऑफ' म्हणजे वसुलीची आशा कमी असलेले कर्ज बँकेने आपल्या ताळेबंदातून बाजूला काढले. कर्जदाराच्या डोक्यावरचे देणे तिथेच राहते आणि वसुलीचा तगादाही चालू राहतो. मराठीत त्याला 'निर्लेखन' असा भारदस्त शब्द आहे, जो ऐकून कोणाला काही कळत नाही आणि म्हणून भांडणही होत नाही. गावातल्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी पत्र पडले आणि त्याने या 'ऑफ'चा अर्थ 'सुटलो' असा लावला, तर त्याला पुढचा हप्ता चुकवून चालेल असे वाटेल. फ्रेझल व्हर्ब न कळल्याचा दंड व्याजासकट भरावा लागतो, असे हे एक ठिकाण आहे.

परक्यांना हे कठीण जाते, ही तक्रार इंग्रजांना माहीत नव्हती असे नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबुली दिली की क्रियापदांची ही जोडकामे परदेशी माणसाला सर्वात जास्त अडवतात. त्याने ती निगुतीने गोळा करून कोशात घातली. पण त्यांना नाव मिळायला पुढे एकशे सत्तर वर्षे गेली. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पीअरसॉल स्मिथ याने 1925 साली आपल्या पुस्तकातून रूढ केली आणि ती ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली असे प्रांजळपणे सांगितले.

मग ज्यांना इंग्रजी सोपी करायची होती त्यांनी तर कळसच केला. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली 'बेसिक इंग्लिश' मांडली. फक्त 850 शब्द, त्यांत क्रियापदे अवघी 18. ऐकायला काय सुरेख! पण बाकीची हजारो क्रियापदे हद्दपार केली की त्यांचे काम करणार कोण? गेट, पुट, गिव्ह, टेक, गो यांनाच शेपट्या लावून कामाला जुंपावे लागले. जहाजातून उतरणे हा एका शब्दाचा मामला होता, तिथे 'गेट ऑफ' आले. शब्द कमी झाले, पण नेमके कठीण तेवढे वाढले.

आपल्याकडे हे लक्षात यायला उशीर झाला, कारण इंग्रजी आपल्याकडे गप्पा मारत आली नाही. ती कायदा, क्रमिक पुस्तक आणि सरकारी खलित्यातून आली. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच-लॅटिन घराण्यातले शब्द बसले. 'पुट आउट', 'गिव्ह अप' ही देशी मंडळी स्वयंपाकघरात आणि शेतात राहिली. आपल्या वाट्याला दरबारी इंग्रजी आली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तयार झालेल्या पिढ्या व्याकरणात पक्क्या होत्या, अर्ज असा लिहीत की साहेबाने दोनदा वाचावा. पण साहेबाच्या घरी पोराशी चाललेले बोलणे त्यांच्या कानावर कुठून पडणार? मराठीतही 'अग्निशमन' कचेरीत असते आणि 'आग विझव' घरात. आपण इंग्रजीतले अग्निशमन शिकलो आणि विझवणे राहून गेले.

आता परीक्षेच्या पुस्तकांनी ही उणीव भरून काढायचे मनावर घेतले आहे. स्पर्धा परीक्षेचे कोणतेही इंग्रजीचे पुस्तक उघडा, 'फ्रेझल व्हर्ब्ज' या मथळ्याखाली अकारविल्हे यादी. 'ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रेक ऑफ, ब्रेक आउट, ब्रेक अप', समोर एकेक अर्थ. मुलगा पाठ करतो. चार दिवसांनी त्याच्या डोक्यात नाते तुटल्यावर साथ पसरते, गाडी बिघडल्यावर घरफोडी होते.

आणि गंमत अशी की या मुलाला ही युक्ती जन्मापासून येते.

'लिहून' हा शब्द घ्या. 'लिहून टाक' म्हणजे एकदाचे संपव. 'लिहून घे' म्हणजे मी सांगतो, तू उतरव. 'लिहून दे' म्हणजे उद्या शब्द फिरवायचा नाही. 'लिहून काढ' म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत बस. 'लिहून ठेव' म्हणजे पुढे लागेल, किंवा 'लिहून ठेव, हा नापास होणार'. आणि 'लिहून बसला' म्हणजे नको ते केले, आता निस्तरा. घे, दे, टाक, ठेव, काढ, बस हे घरातले सहा साधे शब्द आहेत. पण सही करून देताना 'लिहून दिले' आणि 'लिहून बसलो' यांतला फरक कोणाही मराठी माणसाला व्याकरण न उघडता कळतो. कोर्टात तर फारच चांगला कळतो.

बाजारकुणंगच्या पोराकडे हे तीन भाषांत आहे. कन्नडमध्ये 'बरेदु' म्हणजे लिहून. 'बरेदुकोडु', लिहून दे. 'बरेदुको', लिहून घे. 'बरेदुबिडु', लिहून टाक. यातले 'बिडु' मुळात सोडणे. कोंकणीतही 'बरोवन दी' आणि 'बरोवन घे' आहेच, आणि 'मारून टाकला'च्या जागी 'मारून उडयलो' म्हणतात, म्हणजे टाकण्याऐवजी थेट उडवणे. मराठी आणि कोंकणी एका कुळातल्या, कन्नड दुसऱ्याच कुळातली. शेजारी राहून तिघींची ही सवय एकच झाली आहे. क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद ठेवायचे आणि अर्थाला हवे तिकडे वळण द्यायचे. इंग्रजी तिथे क्रियापद न ठेवता अप-आउट ठेवते. 'ईट अप' म्हणजे वर खा नव्हे, खाऊन टाक. 'राइट डाऊन' म्हणजे लिहून घे. 'राइट आउट' म्हणजे लिहून काढ. 'युज अप' म्हणजे वापरून टाक. यांतला 'अप' दिशा दाखवत नाही, काम संपल्याचे सांगतो, आणि संपल्याचे सांगायला आपल्याकडे 'टाक' बसलेलाच आहे.

मधे काय घालायचे याचेही नियम दोन्हीकडे आहेत. इंग्रजीत 'पुट इट ऑफ' चालते, 'पुट ऑफ इट' चालत नाही; सर्वनाम मधेच घ्यावे लागते. पोरांना हे विचित्र वाटते. पण 'लिहून तरी टाक', 'लिहूनच टाक', 'लिहून पण दिलं' असे मधे घुसवताना त्यांना कधी अडखळलेले कोणी पाहिलेले नाही.

साम्य फार ताणू नये. 'लिहून बसला' यात लिहिणे शिल्लक असते. 'पुट अप विथ' यात ठेवणे औषधालाही उरत नाही. अशा बेभरवशाच्या अर्थांसाठी आपल्याकडे वेगळा वस्ताद आहे, 'लागणे'. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागते, डोळा लागतो, लग्न लागते, फणस लागतात, निकाल लागतो. बस फलाटाला लागली म्हणजे चढायचे. त्याच बसमध्ये अनमोडच्या घाटात पोराला गाडी लागली म्हणजे खिडकीशी बसवून पिशवी द्यायची. जेम्स मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश 1831 साली काढला, 1857 साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. गाडी लागण्याचे सुख त्याला मिळाले नसेल, पण या एका क्रियापदाने त्याला किती बैठका मारायला लावल्या असतील याची कल्पना करावी. इंग्रजांच्या 'गेट'चे उट्टे आपण आधीच काढून ठेवले आहे.

ज्यांच्या मातृभाषेत असे काही नसते ते या क्रियापदांना वळसा घालतात, हे संशोधनातही दिसले आहे. डॅगट आणि लाउफर या संशोधकांनी 1985 साली दाखवले की हिब्रू बोलणारे विद्यार्थी जोडक्रियापद टाळून एकशब्दी क्रियापदच उचलतात. पुढे 1989 साली हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थ्यांकडे पाहिले. डच भाषेत अशी क्रियापदे चिक्कार. तरीही विद्यार्थ्यांतले काही जण कचरलेच, विशेषतः जिथे इंग्रजी क्रियापद डचसारखेच दिसत होते. इतके आपल्यासारखे दिसते म्हणजे यात काहीतरी काळेबेरे असणार, हा संशय केवळ आपल्याच गावात असतो असे नाही.

बरे, शिकायची तरी किती? कोशात हजारो आहेत, पण रोजच्या वापरात मूठभरच राबतात. गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 साली ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात मोजदाद केली. 20 क्रियापदे आणि त्यांना लागणारी 8 शेपटे यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून अधिक वापर व्यापला होता. 2015 साली गार्नियर आणि श्मिट यांनी सर्वाधिक वापरातल्या 150 जोड्या घेतल्या आणि प्रत्येकीचे नेहमीचे अर्थ तेवढे ठेवले. एकूण अर्थ निघाले 288, म्हणजे जोडीमागे सरासरी दोनसुद्धा नाहीत. बाकीचे अर्थ पास झाल्यावर सवडीने शिकावेत.

तेव्हा तालुक्यातल्या इंग्रजीच्या मास्तरांना आणि बाईंना एक विनंती. यादी बाजूला ठेवा. फळ्यावर डावीकडे 'लिहून' लिहा आणि पोरांनाच तिन्ही भाषांतली शेपटे सांगू द्या. उजवीकडे 'राइट' लिहून इंग्रजीची शेपटे तुम्ही सांगा. अर्थ लिहून देण्याऐवजी प्रसंग द्या: गजर, वीज, दूध, बस, राफ्ट, बँकेचे पत्र. आठवड्याला पाच जोड्या घेतल्या तरी दीडशे जोड्या तीस आठवड्यांत होतात, आणि जूनमध्ये सुरुवात केली, तर दसऱ्याची सुट्टी धरूनही वार्षिक परीक्षेच्या आत उरकून जातात.